निमिषाचे तुकडे आणि मराठवाडा: एका मोजणीचा इतिहास

१/
एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंग वेधशाळेस अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा आकडा होता २६०० कोटी रुपये. बातमी आली तेव्हा मराठवाड्यात जो सूर उमटला तो कौतुकाचा होता, पण त्यात आश्चर्यही पुष्कळ होते. दुष्काळ, स्थलांतर आणि रखडलेले सिंचन यांसाठीच ज्याचे नाव वर्तमानपत्रांत येते, त्या प्रदेशात जगातील सर्वांत सूक्ष्म मोजणी होणार, ही गोष्ट जणू आकाशातून पडल्यासारखी वाटत होती.

ती तशी पडलेली नाही. औंढ्यापासून साधारण साठ किलोमीटरवर नांदेडला, आणि त्याआधी औरंगाबादला, एका सेकंदाच्या अब्जांशाच्याही सहस्रांशात घडणाऱ्या गोष्टी गेली काही दशके मोजल्या जात आहेत. त्या मोजणीविषयी मराठीत जवळपास काहीच लिहिले गेलेले नाही. आजचा धागा त्याविषयी आहे.

२/
प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. खोलीच्या तापमानाला हवेतील रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावतात. द्रवातील रेणू स्वतःभोवती वळतात, शेजाऱ्याचा हात सोडतात, दुसऱ्याचा धरतात. हे सारे पिकोसेकंदांत घडते. पिकोसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या अब्जांशाचा सहस्रांश. प्रकाश एका सेकंदात चंद्राच्या जवळ पोहोचतो, आणि एका पिकोसेकंदात तो एक तृतीयांश मिलिमीटरही पुढे सरकत नाही.

इतके चपळ काही पाहायचे तर दोनच उपाय संभवतात. आपले घड्याळ त्याहून चपळ करायचे, किंवा त्या वस्तूलाच थंड करून मंद करायचे. विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राचा मोठा भाग या दोन वाटांवरून चाललेला आहे, आणि दोन्ही वाटा महाराष्ट्रातून जातात.

३/
येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण प्रतिसादांत ती हमखास येणार. होय, भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ‘त्रुटी’ हे कालमान आहे. त्यांच्या गणिताने दिवसाचे २,९१,६०,००,००० भाग म्हणजे एक त्रुटी; आजच्या हिशेबाने सेकंदाचा सुमारे ३३,७५० वा अंश. बाराव्या शतकातील माणसाने काळाचे इतके बारीक तुकडे करावेत, यात विचाराची मोठी झेप आहे. पण त्रुटी मोजणारे यंत्र त्या काळी नव्हते. पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र चोवीस मिनिटांची घटका दाखवी; त्याखाली पळ आणि विपळ होते ते पोथीतल्या आकडेमोडीसाठी. भास्कराचार्यांनी विभागणी केली, मोजणी केली नाही, आणि तसा दावाही केला नाही. त्यांच्या नावाने तो आपण करतो, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

४/
चपळ घड्याळाची वाट घोड्यापासून सुरू होते. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात काय, हा वाद १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने ओळीने कॅमेरे मांडून मिटवला. सुटतात, हे त्याचे उत्तर. डोळ्यांना जे जमत नव्हते ते झडपेच्या वेगाने साधले.

१९४९ मध्ये इंग्लंडात नॉरिश आणि पोर्टर यांनी झडपेऐवजी प्रकाशाचा लखलखाट वापरला. एका झगमगाटाने रासायनिक क्रिया सुरू करायची आणि थोड्या वेळाने दुसऱ्या प्रकाशाने तिचा वर्णपट घ्यायचा. घोड्याच्या जागी रेणू आला. १९६० मध्ये लेसर जन्मला आणि पुढील तीन दशकांत हा लखलखाट आखूड होत होत फेम्टोसेकंदापर्यंत, म्हणजे पिकोसेकंदाच्याही सहस्रांशापर्यंत आला. रेणूतील बंध तुटताना पाहणाऱ्या अहमद झेवेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले, तर त्याहून सहस्रपट आखूड, ॲटोसेकंदांच्या स्पंदांसाठी आगोस्टिनी, क्राउस आणि लुइये यांना २०२३ चे.

५/
दुसरी वाट थंडीची. तिचा आरंभ ढाक्यातून होतो. जून १९२४ मध्ये तेथील प्राध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनी आईनस्टाईनना एक लेख पाठवला. प्रकाशकण मोजण्याची त्यांची रीत आईनस्टाईननी अणूंच्या वायूला लावली आणि एक विचित्र निष्कर्ष निघाला. पुरेशी थंडी असेल तर असंख्य अणू आपले वेगळेपण टाकून एकाच अवस्थेत उतरतील. ‘पुरेशी’ या शब्दात सत्तर वर्षे दडलेली होती.

कारण जगातील कोणताही बर्फ, कोणताही द्रवरूप हेलियम तेथवर नेत नाही. तेथवर नेले ते प्रकाशाने. हे ऐकताना उलटे वाटते; प्रकाशाने वस्तू तापते, हा आपला रोजचा अनुभव.

६/
म्हणून ही युक्ती थोडी सविस्तर पाहू. प्रत्येक अणू ठरावीक रंगाचाच प्रकाश गिळतो. लेसरचा रंग त्या ठरावीक रंगापेक्षा किंचित तांबड्या बाजूला ठेवला तर स्थिर अणू त्याकडे फारसे लक्ष देत नाही. पण जो अणू लेसरच्या दिशेने धावत येतो त्याला तोच प्रकाश किंचित निळसर भासतो, जसा जवळ येणाऱ्या रेल्वेचा भोंगा चढा ऐकू येतो. आता रंग जुळतो, अणू प्रकाशकण गिळतो, आणि समोरून आलेल्या त्या कणाचा धक्का त्याला बसतो. मागे पळणाऱ्या अणूला तो धक्का बसत नाही. सहाही बाजूंनी असे लेसर लावले की अणू जिकडे धावेल तिकडून त्यालाच मार.

एक धक्का किती? रुबिडियमच्या अणूला सेकंदाला जेमतेम सहा मिलिमीटर. त्याचा मूळ वेग मात्र सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास. धावत्या बैलगाडीवर समोरून ज्वारीचे दाणे मारत राहावे आणि गाडी थांबावी, असा हा मामला आहे. सुमारे पन्नास हजार दाणे लागतात. पण अणू सेकंदाला कोट्यवधी प्रकाशकण गिळू शकत असल्याने काम काही मिलिसेकंदांत उरकते.

७/
१९७५ मध्ये ही कल्पना कागदावर आली. १९८५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी सोडियमचे अणू सहा लेसरांच्या छेदबिंदूवर २४० मायक्रोकेल्विनपर्यंत थंड केले. उरलेली मजल बाष्पीभवनाने मारली गेली. बशीत ओतलेला चहा का निवतो? सर्वांत उष्ण रेणू उडून जातात आणि मागे राहिलेल्यांचे सरासरी तापमान उतरते. सापळ्यात अडकवलेल्या अणूंबाबत नेमके हेच केले गेले. ५ जून १९९५ रोजी बोल्डर येथे कॉर्नेल आणि वीमन यांच्या गटाला सुमारे १७० नॅनोकेल्विनला बोस–आईनस्टाईन संघनन दिसले. ढाक्याहून निघालेले पत्र पोहोचायला एकाहत्तर वर्षे लागली. त्या थंडीत रुबिडियमचा अणू सेकंदाला काही मिलिमीटर, म्हणजे मुंगीपेक्षाही सावकाश चालतो.

८/
आता मराठवाडा. येथे विज्ञानाचा इतिहास सांगायचा तर आधी महाविद्यालयांचा सांगावा लागतो, कारण ती फार उशिरा आली.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निझामाच्या राज्यात होते. त्या राज्यात विज्ञान नव्हते असे नाही. हैदराबादची निझामिया वेधशाळा १९०१ पासूनची, आणि आकाशाचा छायाचित्र-नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात तिचा मोठा वाटा होता. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ तर देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग होता. पण ती भाषा उर्दू होती आणि ते शहर हैदराबाद होते. मराठी बोलणाऱ्या जिल्ह्यांत शाळाच विरळ, तेथे प्रयोगशाळा कोठून येणार?

९/
मुक्तीनंतर दोन वर्षांत, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीची प्रेरणा होती. पुढे नरहर कुरुंदकर याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे मुंबई विद्यापीठानंतर एकशे एक वर्षांनी. ही तफावत मनात ठेवून पुढचे वाचावे.

१०/
मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. एस. सी. मेहरोत्रा यांच्याभोवती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या आरंभी एक गट आकाराला आला. त्यांचे काम होते द्रवातील रेणूंच्या वळण्याचा वेग मोजणे. फेम्टोसेकंद लेसर घेण्याची ऐपत तेव्हा देशातील मोजक्याच संस्थांची होती. या गटाने जे साधन निवडले ते लेसरचे नव्हते, विजेचे होते, आणि माझ्या मते ही निवड त्यांच्या शास्त्रीय समजेची सर्वांत मोठी खूण आहे.

११/
साधनाचे तत्त्व ज्याने विहिरीत वाकून हाक मारली आहे त्याला लगेच कळेल. हाक खाली जाते, पाण्यावर आपटून परत येते. आवाज कसा बदलला यावरून विहीर खोल की उथळ, कोरडी की भरलेली, हे न पाहता सांगता येते. दूरध्वनी खात्याचे लोक जमिनीखालची केबल कोठे तुटली हे याच रीतीने शोधत. तारेत विजेचा स्पंद सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते पाहायचे.

१९६९ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतील फेल्नर-फेल्डेग यांनी दाखवून दिले की तारेच्या टोकाशी द्रव ठेवला तर त्या प्रतिध्वनीत द्रवातील रेणूंची हालचाल लिहिलेली असते. विजेचा दाब एकाएकी चढला की पाण्यासारख्या द्रवातील रेणू, ज्यांचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण, त्या दिशेला वळू लागतात. ते लगेच वळत नाहीत, शेजारी अडवतात. तो उशीर परतणाऱ्या स्पंदाच्या आकारात उमटतो. या उशिराचे मूळ गणित पीटर डिबाय यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच मांडून ठेवले होते.

१२/
येथे एक गंमत आहे. काही दशक पिकोसेकंदांत चढणारा स्पंद पडद्यावर थेट पाहता येईल असे साधन नव्हते. मग काय करायचे? तोच स्पंद पुनःपुन्हा सोडायचा आणि दर वेळी त्याच्या एकाच बिंदूची नोंद घ्यायची, प्रत्येक वेळी किंचित पुढे सरकून. हजारभर नोंदी झाल्या की पाच नॅनोसेकंदांच्या खिडकीत घडलेली सारी हालचाल जुळून येते. फिरता पंखा लुकलुकत्या दिव्याखाली सावकाश फिरताना दिसतो, तसे. याला सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप म्हणतात. त्या नोंदींवर फूरियेचे गणित चालवले की द्रवाचा वर्णपट मिळतो. नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाने जे साधले त्याच वंशातले हे काम, फक्त रेडिओ आणि मायक्रोवेव्हच्या पट्ट्यात.

१३/
१९९१ मध्ये पुराणिक, कुंभारखाने आणि मेहरोत्रा यांचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले. एक होता अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावर. दुसरा मधावर.

मधाचा निबंध मला विशेष प्रिय आहे. मध आणि पाणी वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून १० मेगाहर्ट्झपासून १० गिगाहर्ट्झपर्यंत त्याचे विद्युत गुणधर्म मोजलेले आहेत. मधातील पाण्याचे प्रमाण बदलले की रेणूंच्या वळण्याला लागणारा वेळही बदलतो. म्हणजे भेसळीचा प्रश्न पिकोसेकंदांच्या भाषेत विचारता येतो. जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत हा प्रयोग होऊ शकला असता. तो औरंगाबादेत झाला.

१४/
आकडे काय सांगतात? २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा हा ‘उशीर’ सुमारे ८.३ पिकोसेकंद असतो. इथेनॉलचा सुमारे १६०. दोन्ही मिसळले तर मधली सरासरी यावी अशी आपली अपेक्षा, ती चुकते. पाण्याचे रेणू आणि अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात, नवी जाळी विणतात, आणि मिश्रण आपल्या घटकांपेक्षा निराळे वागते. ते किती निराळे वागते यावरून बंध किती आणि कसे, हे काढता येते. औषधे, प्रथिने, विद्रावके यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही संख्या हवी असते. फार गाजावाजा न होता असे शेकडो आकडे मराठवाड्यातून जागतिक वाङ्मयात गेले आहेत.

१५/
हे काम चालू होते तो काळ शांत नव्हता. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नाव प्रत्यक्षात लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड आणि लातूरसह दक्षिण मराठवाड्याचा भाग त्याच्याकडे आला. या दोन घटना एकमेकींपासून सुट्या काढून सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. ती प्रामाणिक नाही. विद्यापीठ कोणाचे, त्यात कोणाला जागा, हा प्रश्न सोळा वर्षे रस्त्यावर होता. ज्या पिढीने पुढे नांदेडच्या प्रयोगशाळा भरल्या ती या प्रश्नाच्या छायेत वाढली.

१६/
औरंगाबादच्या गटातील ए. सी. कुंभारखाने पुढे नांदेडच्या विद्यापीठात आले आणि ही मोजणी तेथे रुजली. आता सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप टेक्ट्रॉनिक्सचा होता आणि पट्टा १० मेगाहर्ट्झपासून ३० गिगाहर्ट्झपर्यंत वाढला होता. नांदेड, लातूर, परभणी भागांतील महाविद्यालयांमधून आलेले संशोधक विद्यार्थी येथे द्रवांचे नमुने घेऊन बसतात.

लातूरचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. त्या शहराने भौतिकशास्त्राला एक निराळाच लौकिक मिळवून दिला आहे. ‘लातूर पॅटर्न’मध्ये तो प्रवेशपरीक्षेतील एक भाग असतो, प्रश्न सोडवून पार करायचा. तेथून दरवर्षी असंख्य मुले डॉक्टर आणि अभियंते होतात, हे चांगलेच आहे. पण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आपल्याच विद्यापीठात पाण्याचा रेणू किती वेळात वळतो हे मोजले जाते, हे त्यांतील किती जणांना शिकवणीच्या वर्गात कळत असेल?

१७/
आता थंडीच्या वाटेकडे परतू. ती मुंबई आणि पुण्यातून जाते.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये सी. एस. उन्नीकृष्णन यांच्या गटाने लेसरच्या झोतातच अणू पकडून, बाष्पीभवनाने थंड करत त्यांना पुंज-संघननाच्या अवस्थेपर्यंत नेले. तो वृत्तान्त २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेत जी. रवींद्र कुमार यांची प्रयोगशाळा फेम्टोसेकंद लेसरने नेमकी उलटी टोके गाठत होती, प्रचंड उष्ण प्लाझ्माची. एकाच आवारात अतिशीत आणि अतितप्त.

पुण्यात २००६ साली सुरू झालेल्या आयसर संस्थेत उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत रुबिडियमचे अतिशीत अणू आहेत. त्यांवर प्रकाशाचे आखूड फटके ठरावीक अंतराने मारले जातात. फटक्यांची लय नियमित असेल तर अणूंची ऊर्जा एका मर्यादेनंतर वाढत नाही. पुंजभौतिकी तिला रोखून धरते. लय बिघडवली तर ते रोखणे ढासळते. ते कसे ढासळते, यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. झोका देणाऱ्याचा हात चुकला की काय होते, हे अणूंना विचारण्याचा हा प्रकार.

१८/
दोन वाटा पुरत्या एकत्र आल्या त्या जपानमध्ये, ओकाझाकी येथे. केंजी ओमोरी यांच्या गटाने रुबिडियमचा अतिशीत वायू घेतला आणि त्यावर पिकोसेकंद लेसरचे स्पंद सोडले. थंडीमुळे अणू जागच्या जागी थिजलेले, त्यामुळे त्यांच्या धावण्याचा गोंधळ नाही; स्पंद इतके आखूड की फुगवलेल्या अणूंतील इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे बोलतात हे त्या बोलण्याच्या वेगानेच ऐकता येते. २०१६ मध्ये त्यांनी अनेक अणूंचे सामूहिक वर्तन असे पाहिले. २०२२ मध्ये दोन सुटे अणू घेऊन त्यांच्यातील ऊर्जेची देवघेव साडेसहा नॅनोसेकंदांत घडवली. पुंजसंगणकाच्या दृष्टीने हा वेग अभूतपूर्व होता.

भारतात असे जोडकाम करता येईल अशी दोन्ही अंगे महाराष्ट्रातच आहेत, हे वरच्या परिच्छेदांवरून वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

१९/
आणि आता औंढा. तेथील यंत्र अतिशीत वायूचे नाही. ते लेसरचे आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना टांगलेले चाळीस-चाळीस किलोंचे काचेचे आरसे, आणि त्यांमध्ये ये-जा करणारा प्रकाश. दूरच्या कृष्णविवरांच्या धडकेने अवकाश ताणले की आरशांतील अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी बदलते. तो बदल टिपायचा.

याचाही मराठी मुलुखातील इतिहास जुना आहे. पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर यांनी, असे संकेत गोंगाटातून कसे चाळून काढायचे याचे गणित, यंत्रे अस्तित्वात येण्यापूर्वीच उभारले. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचा त्यांचा या विषयावरचा महत्त्वाचा निबंध १९९१ चा. त्याच वर्षी औरंगाबादेत मध मोजला जात होता.

२०/
१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन्ही लायगो यंत्रांना पहिला तरंग सापडला. घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली. सहाच दिवसांत, १७ फेब्रुवारीला, भारताच्या मंत्रिमंडळाने तत्त्वतः संमती दिली. त्यानंतर अंतिम मंजुरीला सात वर्षे लागली. सरकारी वेळ मोजायला पिकोसेकंद उपयोगी नाही.

जागा निवडताना रेल्वे, कारखाने, महामार्ग यांच्या कंपनांपासून दूर असलेली, दोन दिशांना चार-चार किलोमीटर सपाट जमीन हवी होती. ती नागनाथाच्या शेजारी दुधाळ्याच्या शिवारात सापडली. नामदेवांसाठी देऊळ फिरले, ही कथा ज्या गावाची, त्या गावात केसाच्या कोट्यंशाहून कमी सरकणे मोजले जाणार आहे. वारकरी परंपरेत विसोबा खेचर आणि नामदेवांची गाठही येथलीच.

२१/
मग या यंत्राचा थंडीशी काय संबंध? तो २०२१ मध्ये जुळला. त्या वर्षी जूनमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकन लायगोच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की त्यांनी आरशांचे हेलकावणे जवळजवळ थांबवले. चार आरशांची एकत्रित दोलनगती, जी दहा किलोंच्या एका वस्तूसारखी वागते, ती प्रकाशाने सतत मोजायची आणि तिच्या नेमक्या विरुद्ध बळ लावत राहायचे. परिणामी त्या दोलनाचे तापमान ७७ नॅनोकेल्विनपर्यंत उतरले. काच स्वतः थंड झाली नाही, ती खोलीच्या तापमानालाच होती. थंड झाले ते तिचे हलणे. तरीही हा आकडा १९९५ च्या बोल्डरमधील १७० नॅनोकेल्विनच्या निम्म्याहून कमी आहे, आणि तेथे काही हजार अणू होते, येथे दहा किलो. प्रकाशाने अणू थांबवण्याची विद्या अशी हाताने उचलावयाच्या वस्तूपर्यंत येऊन पोहोचली. औंढ्यात बसणार आहेत ते आरसे याच जातीचे.

२२/
या साऱ्यात एक प्रश्न असा आहे, जो मराठवाड्याखेरीज दुसऱ्या कोणाला इतका जवळून कळणार नाही. तो म्हणजे जमिनीचा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून लातूर आणि उस्मानाबादची गावे झोपली होती. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता; जगाच्या मानाने मध्यम. पण दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर आल्या आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे पूर्णपणे नव्याने वसवावी लागली. तोवरच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित, पहिल्या विभागात होता. दख्खनचा कातळ स्थिर आहे, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्या पहाटे मोडले. पुढे नकाशातून तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

२३/
त्यानंतरही जमीन पूर्ण गप्प बसलेली नाही. वसमत आणि औंढा भागातील गावे जमिनीखालून येणाऱ्या गूढ आवाजांच्या तक्रारी वर्षानुवर्षे करीत आली. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के काही मिनिटांच्या अंतराने बसले. १० जुलैला पुन्हा ४.५. नांदेड आणि परभणीत लोक घराबाहेर आले. किल्लारी पाहिलेल्या माणसाला भांड्यांचा आवाज पुरतो.

असे धक्के यंत्राला निकामी करतील काय? अमेरिकेतील दोन्ही लायगो यंत्रेही जगात कोठे मोठा भूकंप झाला की काही काळ वेध गमावतात आणि पुन्हा स्थिरावतात. आरसे एकाखाली एक अशा लोलकांवर, काचेच्या अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तंतूंवर टांगलेले असतात, आणि त्यांचा आधारच जमिनीच्या हालचालीला उलट उत्तर देत असतो. मोठा, जवळचा धक्का ही वेगळी बाब. त्यासाठी बांधकामाचे निकष आहेत आणि ते काटेकोरपणे पाळले जावेत, हे म्हणण्याचा अधिकार किल्लारीच्या लोकांना इतर कोणाहूनही अधिक आहे. माझे मत विचाराल तर वेधशाळेच्या माहितीफलकावर कृष्णविवरांइतकीच जागा या जमिनीच्या इतिहासाला मिळायला हवी, आणि तिच्या भूकंपमापकांच्या नोंदी भोवतालच्या गावांना त्यांच्या भाषेत कळायला हव्यात. दुधाळ्याच्या शेतकऱ्याला कृष्णविवरांची टक्कर कळली नाही तरी चालेल. आपल्या घराखाली काय हलते आहे हे त्याला कळलेच पाहिजे.

२४/
११ मे २०२३ रोजी लायगो-इंडियाची पायाभरणी झाली. यंत्र चालू होण्यास या दशकाची अखेर उजाडेल असा अंदाज आहे. तेव्हा तेथे लेसर, निर्वात नळ्या, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स हाताळणारी माणसे लागतील. नांदेडच्या प्रयोगशाळेत पाच नॅनोसेकंदांच्या खिडकीत डोके घालून बसलेल्या विद्यार्थ्यांना सूक्ष्म स्पंद, गोंगाट आणि फूरियेचे गणित यांची ओळख आधीच आहे. त्यांना औंढ्याला जायला बसने दीड-दोन तास लागतात.

पुढचा धागा हैदराबादच्या निझामिया वेधशाळेवर, आणि तिच्या आकाश-नकाशाच्या कामावर.